धुरकटलेल्या काचेची कैफियत

नाशिक जिल्ह्यात मोटार चालविणाऱ्यास हवामानाची जी विविधता शंभर किलोमीटरांच्या आतच अनुभवावयास मिळते, तशी ती महाराष्ट्रातील फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्यास आली असेल. पश्चिम सरहद्दीवरील इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पंचेचाळीस किलोमीटरांवरील नाशिक शहरात हाच आकडा सातशेच्या आसपास येऊन थांबतो. आणि आणखी पूर्वेस, निफाडच्या द्राक्षपट्ट्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील पारा पौषातल्या एखाद्या पहाटे पाच अंशांच्याही खाली उतरला, की बागाईतदार वेलींना ऊब मिळावी म्हणून बागेत शेकोट्या पेटवितात. श्रावणात घोटीच्या बाजारास, पौषात निफाडच्या बागेस आणि वैशाखात मनमाडकडच्या लग्नास जाणारी गाडी मात्र बहुधा एकच असते, आणि ती पुष्कळदा पंधरा-वीस वर्षे वापरातली, पुनर्नोंदणी करून पर्यावरण कराची पावती दप्तरी जपून ठेवणारी अशी असते. तिच्या मालकाची गाऱ्हाणी ठरलेली आहेत. समोरची काच पावसात धुरकटते. वारा येतो तो काचेवर न येता पायांवर येतो. आणि थंडीत ऊब म्हणून काही मिळतच नाही. या गाऱ्हाण्यांची कारणे कोणती, ती कशी ओळखावीत, आणि कार्यशाळांतून आज जी निदानपद्धती रूढ झाली आहे तीत काय चुकते, याचा आढावा घेण्याचे येथे योजिले आहे.

चुकते ते बव्हंशी आरंभीच. द्वारका, मुंबई नाका, सातपूर यांपैकी कोणत्याही भागात जाऊन काचेवर वाफ धरते अशी तक्रार नोंदविली, की पहिली तजवीज म्हणून "गॅस भरून घ्या" असा हुकूम होतो, आणि मालकही तो शिरसावंद्य मानतो, कारण वातानुकूलन म्हणजे गॅस आणि गॅस म्हणजे थंडावा हे समीकरण त्याच्याही मनात पक्के झालेले असते. वस्तुतः हा वायू पेट्रोलप्रमाणे खर्च होणारा नव्हे; तो बंद नळ्यांतून पुनःपुन्हा फिरत असतो, आणि कमी झालाच असेल तर कोठेतरी गळती आहे एवढाच त्याचा अर्थ. पण गॅस कमी झाला आहे की नाही हेही न पाहता तो भरला जातो, आणि आग सोमेश्वरी व बंब रामेश्वरी अशी अवस्था होऊन पुढच्या पावसात गाडी पुन्हा त्याच दारात उभी राहते. आपल्या इलाख्यात हा प्रश्न उष्णतेपेक्षा पाण्याचा अधिक आहे. तेव्हा गाडीत पाणी कोठून येते, वारा कोठून शिरतो आणि कोठे जातो, या क्रमानेच शोध चालविला पाहिजे, आणि गॅसची पाळी शेवटी आली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पूर्वीच्या गाड्यांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला जाई. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी, तसेच उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर, यांच्या पुढच्या दारांना एक तिकोनी काच असे. ती थोडी तिरपी केली की चालत्या गाडीत वारा आपोआप आत ओढला जाई, आणि भिजण्याची तयारी असेल तर समोरची काचही बऱ्यापैकी साफ राही. त्यावरही भागले नाही तर चालक चिरलेला बटाटा किंवा ओली तंबाखू काचेवर चोळीत. हा उपाय हास्यास्पद वाटला तरी अशास्त्रीय नव्हता. कारण त्या रसाचा जो पातळ लेप काचेवर राही, त्यावर सूक्ष्म थेंब न धरता पाण्याचा सलग पारदर्शक पापुद्रा पसरे, आणि पलीकडचे दिसत राही. अमेरिकेत नॅश कंपनीने बाहेरची हवा तापवून आत सोडणारी व्यवस्था १९३८ च्या सुमारासच आपल्या मोटारींत आणली होती, आणि १९६८ पासून तर तेथे विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारीस काच साफ ठेवणारी यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि सामान्य कुटुंबाच्या गाडीत पंखा, नळ्या व झडपा यांचा बंदिस्त कारभार हळूहळू रूढ झाला; वातानुकूलन मात्र दीर्घकाळ अधिक किमतीच्या प्रकारापुरते मर्यादित राहिले. यामुळे एक मानसिक संस्कार झाला तो अद्याप पुसला गेलेला नाही. वातानुकूलन ही उन्हाळ्यातली चैन असून पाऊस सुरू झाला, हवा गार झाली, की ती बंद करावी, हाच शहाणपणा होय, असे आपण समजतो; आणि नेमक्या ज्या दिवसांत त्या यंत्राची खरी गरज असते त्याच दिवसांत ते बंद ठेवतो.

ती गरज कशी, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. पंचवीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा अधिकाधिक तेवीस ग्रॅम बाष्प धारण करू शकते. वीस अंशांस ही मर्यादा सतरांवर येते आणि दहा अंशांस साडेनवांच्या खाली. लहान मोटारीच्या आतील अवकाश सुमारे तीन घनमीटर धरला, तर त्यातील हवेत पंचवीस अंशांस सत्तर ग्रॅमांच्या आतबाहेर बाष्प मावेल. पण आषाढातल्या इगतपुरीची हवा गाडीत शिरतानाच नऊ दशांश भरलेली असते, म्हणजे शिल्लक जागा सहा-सात ग्रॅमांची. माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसे, काचा बंद, बाहेरची हवा अडविलेली, अशा स्थितीत दोन-तीन मिनिटांतच हवा संतृप्त होते, आणि बाहेरून पावसाने गार झालेली काच त्याआधीच दवाने भरून जाते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तोच हा प्रकार. वातानुकूलन यंत्रातील कूलिंग कॉईलवरून गेलेली हवा मात्र पाच अंशांच्या आसपास थंड होऊन घनमीटरामागे सातांहून कमी ग्रॅम बाष्प घेऊन निघते. उरलेले पाणी कॉईलवर गोळा होऊन नळीवाटे रस्त्यावर ठिबकते. हीच कोरडी हवा पुढे हीटरच्या कॉईलवरून नेऊन कोमट केली आणि काचेवर सोडली, की दव मिनिट-दीड मिनिटात उडून जाते. पावसाळ्यात वातानुकूलन आणि हीटर एकाच वेळी चालू ठेवणे हे पुष्कळांस पैशाची नासाडी वाटते. वास्तविक काच साफ करण्याचा याहून निर्दोष मार्ग नाही.

आता निदानाकडे वळू. पहिला प्रश्न असा की, दव काचेच्या आतून आहे की बाहेरून? बोट फिरवून पाहिले असता ज्याचा उलगडा होतो, त्यासाठी लोक शेकडो रुपये खर्च करतात ही नवलाची गोष्ट आहे. दव बाहेरून असेल तर वायपर फिरविताच ते जाते, आणि त्याचा अर्थ गाडी बिघडली असा नसून आतल्या गार वाऱ्याने काच बाहेरच्या दमट हवेच्या दवबिंदूखाली गेली एवढाच असतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावरील सुमारे आठ किलोमीटरांच्या बोगद्याच्या तोंडाशी हवेचे तापमान आणि आर्द्रता एकाएकी बदलते, तेव्हा वातानुकूलन पूर्ण थंडीवर ठेवलेल्या गाडीची काच बाहेरून पांढरी झाल्यास नवल मानू नये. अशा वेळी थंडीची कळ थोडी उबेकडे वळवावी आणि वारा काचेवरून काढून छातीकडे करावा. दव आतून असेल तर उपाय नेमका उलट. आणि या दोहोंची गफलत झाली, की चालक जे काही करतो त्याने काच अधिकच बिघडत जाते.

कसारा घाटातील एक प्रकार तर स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे, कारण त्यात गाडीचा काहीच दोष नसताना गाडीस दोषी ठरविले जाते. मुंबईकडून येणारी, चार माणसे आणि त्यांचे सामान घेतलेली आठशे घनसेंटिमीटरची गाडी चढणीला लागते. दुसऱ्या गिअरमध्येही ती ओढेनाशी होते. इंजिनावरील भार हलका करावा म्हणून चालक वातानुकूलनाची कळ बंद करतो आणि पंखा मात्र चालू ठेवतो. त्या क्षणापर्यंत थंड असलेली कूलिंग कॉईल पाण्याने चिंब भरलेली असते. तिचे थंड होणे थांबताच पंख्याचा वारा तेच पाणी पुन्हा वाफ करून थेट काचेवर नेऊन टाकतो, आणि समोर ट्रक, डावीकडे दरी, वरून पावसाचे पडदे अशा अवस्थेत काच दहा-पंधरा सेकंदांत आंधळी होते. चालक घाबरून हाताने, रुमालाने, क्वचित डोक्यावरील टोपीने काच पुसतो आणि तिच्यावर तेलकट पट्टे ओढून ठेवतो, ज्यांवर पुढील वेळी दव अधिकच सहज धरते. घाटाच्या पायथ्याशी वातानुकूलन बंद करावयाचेच असेल तर त्याआधी बाहेरच्या हवेची वाट उघडावी, कळ उबेकडे न्यावी, मागची एक काच दोन बोटे खाली करावी; अथवा वातानुकूलन चालूच ठेवून गिअर उतरवावा आणि मागच्यांचे भोंगे ऐकून घ्यावेत. दुसरा मार्ग प्रस्तुत लेखकास अधिक पसंत आहे.

बाहेरच्या हवेची वाट हा शब्दप्रयोग वर आला, तिचा कारभार एका लहानशा सरकत्या दांडीकडे किंवा बटणाकडे असतो. एका स्थितीत गाडी आतलीच हवा फिरवीत राहते, दुसऱ्या स्थितीत बॉनेटच्या मागील जाळीतून बाहेरची हवा घेते. नाशिकमधील उन्हाळ्याची धूळ, पाथर्डी फाट्याकडील खोदकामे, पुढच्या ट्रकचा धूर, यांमुळे ही दांडी एकदा आतल्या हवेकडे गेली ती वर्षानुवर्षे तिथेच राहते. आणि अखेरीस कोणी ती हलवू पाहतो तेव्हा तारेला गंज धरून झडप त्याच जागी अडकलेली आढळते. उन्हाळ्यात यामुळे काही बिघडत नाही, उलट गारवा लवकर येतो. पावसाळ्यात मात्र, वातानुकूलन बंद असेल तर, ही एक अडकलेली झडप काच धुरकटण्यास पुरेशी असते. तिची परीक्षा फुकट होते: पंखा पूर्ण वेगावर लावावा, दांडी इकडून तिकडे न्यावी, आणि पंख्याचा आवाज बदलतो की नाही हे ऐकावे, आतली हवा घेताना तो मोठा आणि घोगरा, बाहेरची घेताना दबका येतो. बदल मुळीच नसेल तर एखादी उदबत्ती पेटवून बॉनेटमागील जाळीशी धरावी. धूर आत ओढला गेला नाही तर वाट बंद आहे हे सिद्ध झाले.

त्या जाळीपाशी गेल्यावर तिच्यात काय साचले आहे तेही पाहावे. कडुनिंबाखाली वा चिंचेखाली उभी राहणारी गाडी वर्षभरात तेथे पानांचा चांगला ओंजळभर कुजका थर जमविते. पावसाचे पाणी जाण्याची छिद्रे त्याने बुजतात आणि ते पाणी पंख्याच्या तोंडातून थेट गाडीत उतरते. डाव्या बाजूच्या पायाखालचा गालिचा ओला लागण्याची कारणे तीन, आणि ती एकमेकांपासून ओळखता येतात. पाऊस पडल्यानंतरच ओल येत असेल तर ही जाळी, दाराचे बिडिंग किंवा काचेभोवतीचे रबर यांकडे संशय धरावा. पाऊस नसताना, पण वातानुकूलन चालविल्यावर ओल येत असेल तर कूलिंग कॉईलखालील पाणी बाहेर नेणारी नळी धुळीने तुंबली आहे. गाडी उभी करून पंधरा मिनिटे यंत्र चालवावे, खाली जमिनीवर थेंब पडले नाहीत म्हणजे खात्री झाली, आणि मग खालून हलक्या हाताने हवा मारली की बहुधा पेलाभर गढूळ पाणी भसकन बाहेर येते. तिसरे कारण हीटरच्या कॉईलची गळती. ही ओल बोटाला चिकट लागते, तिला गोडसर वास येतो, काचेवर आतून पुसूनही न जाणारा तेलकट पडदा धरतो, आणि रेडिएटरच्या टाकीतील पातळी विनाकारण उतरत जाते. पहिल्या दोहोंत माणसाला त्रास होतो. तिसऱ्याची हयगय केली तर इंजिनच तापून निकामी व्हावयाचे. गालिचा एकदा भिजला की वरून कोरडा वाटला तरी त्याखालील जाड नमदा आठवडाभर पाणी धरून ठेवतो, हेही विसरू नये. तो उचलून उन्हात वाळविल्याशिवाय इतर सर्व दुरुस्त्या व्यर्थ जातात.

काचेच्या आतील मळाचा उल्लेख आलाच आहे. नव्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफा, सुगंधी कुप्या, आणि आपल्याकडे विशेषेकरून डॅशबोर्डवर रोज सकाळी लागणारी उदबत्ती यांचा सूक्ष्म लेप काचेवर बसतो आणि दवाला धरावयास जागा देतो. त्याच डॅशबोर्डवर गणपती असतो, त्याखाली मखमलीचा तुकडा, शेजारी नॅपकिन, मोबाइलचा स्टँड, आणि सबंध पृष्ठभागावर उन्हापासून रक्षणार्थ अंथरलेली गालिच्याची पट्टी. काचेच्या मुळाशी असलेली वाऱ्याची लांबट फट या साऱ्याखाली गाडली गेलेली असते. श्रद्धेस बाध न आणता एवढे सुचवावेसे वाटते की, गजाननास चार बोटे मागे घेतले असता त्याची दृष्टी आणि चालकाची दृष्टी दोन्ही निर्वेध राहतील. या फटीतून खाली काय काय पडते याची यादी कोणत्याही जुन्या कारागिराकडून ऐकण्यासारखी असते: नाणी, पेनाची टोपणे, घोटीच्या टोल नाक्यावरील पावत्या. पावती हलकी असल्यामुळे नळीतच तरंगत राहते आणि पंखा लावला की कोपऱ्यातून फडफडाट ऐकू येतो. नाणे मात्र खाली जाऊन झडपेच्या सांध्यात बसते आणि झडप अर्धीच मिटते.

वारा मुळातच कमी असेल तर शोध पंख्याकडे वळतो. येथील लक्षणे इतकी स्पष्ट बोलतात की त्यांत मतभेदास जागा नाही. पंखा केवळ शेवटच्या वेगावर चालतो आणि आधीच्या तिन्ही वेगांवर मुका राहतो, याचा अर्थ रेझिस्टर जळाला. कारण शेवटच्या वेगास वीज त्याला वगळून सरळ मोटरकडे जाते. मात्र रेझिस्टर बदलून थांबणे ही अर्धी दुरुस्ती होय. तो वाऱ्याच्या मार्गातच बसविलेला असतो, जेणेकरून वाऱ्याने थंड राहावा; मोटरचे बुश घासले, ती जड फिरू लागली, किंवा वाराच तुंबला, की नवा रेझिस्टरही थोड्याच काळात जुन्याच्या वाटेने जातो. कोणत्याच वेगावर पंखा चालत नसेल तर फ्यूज, रिले आणि अर्थची तार या क्रमाने पाहावे. पंखा गर्जतो पण तोंडातून फुंकर येते, असे असेल तर केबिन फिल्टर काढून पाहावा. आणि ज्या जुन्या गाड्यांना फिल्टरच नाही, त्यांत कूलिंग कॉईलच्या पंखांवर धूळ आणि ओल यांचा नमदा तयार झालेला असतो, ज्याचा आंबूस वास हीच त्याची साक्ष. आणखी एक प्रकार आहे तो लबाड म्हणावा असा: आरंभी वारा उत्तम, अर्ध्या तासाने क्षीण, गाडी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा उत्तम. येथे कॉईलवर बर्फ धरत आहे. तापमान पाहून कॉम्प्रेसर वेळच्या वेळी तोडणारा सेन्सर बिघडला आहे किंवा गॅस खरोखरच कमी आहे. कार्यशाळेत गाडी पोहोचेपर्यंत बर्फ वितळतो आणि "काही दोष नाही" असा शेरा मिळतो.

वारा पुरेसा आहे, पण तो नको तेथे जातो, ही तक्रार झडपांची. जुन्या मारुती, सँट्रो, इंडिका यांसारख्या गाड्यांत या झडपा बहुधा तारेने ओढल्या जातात. कळ फिरविताना हाताला काहीच विरोध लागत नसेल तर तार क्लिपमधून निसटली आहे अथवा तुटली आहे. कळ जड लागून मध्येच अडत असेल तर झडप अडकली आहे, आणि तेथे जोर केल्यास तीन रुपयांच्या क्लिपऐवजी सबंध पॅनेल बदलण्याची वेळ येते. डाव्या-उजव्या पायांपाशी वाकून, विजेरी लावून, दुसऱ्यास कळ फिरविण्यास सांगून पाहिले तर तारेचे टोक हलते की नाही हे डोळ्यांनी दिसते. एवढी एक तपासणी करण्याचे कष्ट न घेतल्यामुळे किती डॅशबोर्ड विनाकारण उतरविले गेले असतील याची गणतीच नाही. अनेक मोठ्या गाड्यांत, उदाहरणार्थ १९९५ पासून पिंपरीत जुळणी झालेल्या मर्सिडीजमध्ये, हेच काम निर्वात नळ्यांनी होते. अशा पुष्कळ रचनांत स्प्रिंग मुद्दाम अशी योजिलेली असते की, निर्वात गळला तर वारा आपोआप समोरच्या काचेकडे वळावा, म्हणजे बिघाडातही रस्ता दिसत राहावा. म्हणून ज्या गाडीत काही केल्या वारा काचेवरच येतो तिच्या नळ्यांत भेग शोधावी. नंतरच्या काळात लहान विद्युत मोटरी आल्या, ज्यांचे प्लास्टिकचे दाते झिजले की डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येते. आणि सर्व प्रकारच्या गाड्यांत समान असा एक वार्धक्यदोष म्हणजे झडपांच्या कडेस चिकटविलेला फोम. तो भुसभुशीत होऊन त्याचे काळे कण तोंडावर उडू लागले, की झडप मिटूनही वारा बाजूने निसटतो, आणि थंड व ऊन हवा एकमेकींत मिसळून दोन्हींचा बोजवारा उडतो.

उबेच्या अभावाची मीमांसा करताना आपल्या कारागिरीच्या एका परंपरागत सवयीस दोष देणे भाग आहे. गाडी तापते अशी तक्रार आली, की थर्मोस्टॅट, ज्याला गॅरेजच्या भाषेत वॉल म्हणतात, तो काढून फेकावयाचा. आणि हीटरची कॉईल गळली, की तिच्याकडे जाणारे दोन पाइप एकमेकांस जोडून बायपास करावयाचा. दोन्ही उपायांनी तात्पुरता बंदोबस्त होतो, आणि वैशाखात कोणाच्या काही लक्षातही येत नाही. परंतु थर्मोस्टॅट साधारण ब्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी अंशांपर्यंत पाणी अडवून इंजिनास योग्य उष्णतेवर ठेवतो. तो नसला की निफाडच्या पहाटे इंजिन कोमटच राहते, पेट्रोल अधिक जळते आणि हीटरमधून जेमतेम अंग न शहारेल इतकीच हवा येते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच इंजिन तापल्यावर फायरवॉलपाशी जाणारे दोन्ही पाइप काळजीपूर्वक हाताने चाचपावेत. दोन्ही ऊन असतील तर पाणी फिरते आहे आणि दोष झडपेचा. एक ऊन व एक गार असेल तर कॉईल तुंबली आहे किंवा मार्गातील वॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गार असतील तर थर्मोस्टॅट गेला, पाणी कमी पडले, अथवा पूर्वीच्या मालकाने बायपास करून ठेवला. कॉईल तुंबण्याचे प्रमुख कारण बोअरचे पाणी. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे तेच ओतल्याने क्षारांचा थर प्रथम याच बारीक नळ्यांत बसतो. थंडीत क्वचित काचेवर खरोखरीचे हिम दिसले तर त्यावर कढत पाणी ओतण्याचा मोह मात्र आवरावा, काच तडकते.

एवढे सर्व झाल्यावर गॅस. दोन्ही बाजूंचे दाब मोजून, बाहेरचे तापमान ध्यानात घेऊन मगच त्याचा फैसला करावा. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जुना आर-१२ वायू क्रमाने हद्दपार झाला आणि त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. आर-१२ च्या काळातील गाडीत हा नवा वायू भरावयाचा तर तेलही बदलावे लागते, हे अद्याप पुष्कळ ठिकाणी पाळले जात नाही. गाडी धावताना गारवा येतो आणि सिग्नलला उभी राहताच जातो, तर दोष गॅसचा नसून पुढच्या कंडेन्सरच्या पंख्याचा असतो.

मागच्या काचेवरील तांबूस तारांविषयी थोडक्यात. त्या पेटवून काचेवर तोंडाने वाफ सोडावी. जी पट्टी साफ होत नाही ती तार तुटलेली. व्होल्टमीटरने पाहिल्यास अखंड तारेच्या मध्यावर सहाच्या आसपास आकडा मिळतो. तुटलेलीत तुटीच्या एका बाजूस पूर्ण बारा आणि दुसऱ्या बाजूस शून्य. चांदीयुक्त रंगाने अशी तूट सांधता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली, त्यानंतर ज्यांनी ती पात्याने खरवडून काढली त्यांच्या काचांवरील तारा अशा सांधण्याच्या पलीकडे गेल्या.

राहता राहिला तो डॅशबोर्ड उतरविण्याचा प्रश्न. कूलिंग कॉईल किंवा हीटरची कॉईल बदलावयाची तर पुष्कळ गाड्यांत त्यावाचून गत्यंतर नसते, आणि मजुरीचा मोठा भाग त्या उतरविण्या-चढविण्यातच जातो. म्हणून एकदा तो खाली आला की दोन्ही कॉईल, झडपांचा फोम, तारांच्या क्लिपा आणि पाण्याची नळी यांचा निकाल त्याच बैठकीत लावावा. पॅनेल पुन्हा बसण्यापूर्वी प्रत्येक कळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून झडपा पूर्ण मिटतात हे स्वतः उभे राहून पाहावे. काढलेली जुनी कॉईल परत मागून घ्यावी आणि तिच्यावर तेलकट डाग कोठे आहे ते शोधावे. डाग मुळीच नसेल तर गळती अन्यत्र होती असे समजून, बिल चुकते करण्याआधीच, पाइपांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी पुन्हा एकदा लावावयास सांगावे.